सळईला पाणी कोण देतं?

जालन्याच्या रोलिंग मिलची सळई आपल्या जाफराबाद तालुक्यात घराघरात गेलीय. भाव सगळे विचारतात, पण तिची ताकद येते कुठून हे सहसा कुणी विचारत नाही.

विळ्याला पाणी देणारा लोहार आपण पाहिलाय. लाल पातं पाण्यात बुडवायचं, मग परत जरा तापवून रंग बघायचा. पिवळसर असताना थांबलं तर कडक धार, निळ्यापर्यंत नेलं तर चिवटपणा. सगळा कारभार डोळ्यावर! तापलेलं पोलाद कोणत्या तापमानाला किती वेळ थांबतं यावर त्याची आतली रचना ठरते, हे 1930 मध्ये अमेरिकेत बेन आणि डेव्हनपोर्ट यांनी आलेख काढून दाखवलं.

जुने मिस्त्री अजून 'टॉर' म्हणतात. ती सळई थंड असताना पिळलेली, तिथं पाण्याचा संबंध नव्हता. 1970 च्या दशकात बेल्जियममधून टेम्पकोर पद्धत आली, आपली टीएमटी तिच्याच भावकीतली. हजारेक अंशांची सळई शेवटच्या रोलमधून निघून पाण्याच्या नळीतून धावते. काम सेकंदा-दोन सेकंदांचं. बाहेर कडक कडं तयार होतं, गाभा लालच राहतो. मग गाभ्यातली उष्णता बाहेर येऊन त्या कड्याचा ठिसूळपणा घालवते. लोहाराचं दुसरं तापवणं सळई स्वतःच करते.

पण पळत्या सळईच्या आत डोळा पोचत नाही, म्हणून संगणक. उष्णता कशी वाहते याचं समीकरण फूरिए यांनी 1822 मध्येच दिलं होतं. संगणकात सळईचे कांद्यासारखे पापुद्रे कल्पायचे आणि क्षणाक्षणाला एकातून दुसऱ्यात किती उष्णता गेली ते मोजायचं. वर रचना बदलताना पोलाद स्वतःही उष्णता सोडतं, ती धरायची. खरी मेख पाण्यात आहे. तापल्या तव्यावर थेंब नाचतो ना, तसा सळईभोवती वाफेचा पडदा धरतो, तो दाबाच्या पाण्यानं फोडावा लागतो. पाणी किती उष्णता ओढतं हा आकडा शेवटी मिलमध्येच मोजून मॉडेलला द्यावा लागतो.

पुण्यात 1981 पासून टाटांचं टीआरडीडीसी हे संशोधन केंद्र आहे. पोलादाच्या गुंडाळ्या भट्टीत किती वेळ ठेवायच्या, याची संगणकी मॉडेलं तिथं झालीत. म्हणजे ही विद्या परदेशातच अडकलेली नाही. माझ्या मते ती लहान मिलपर्यंतही पोचायला हवी, कारण उन्हाळ्यात पाणी कोमट झालं किंवा दाब पडला की कडं पातळ होतं, आणि वरून सळई तशीच दिसते.

1993 चं किल्लारी आपण मराठवाड्याची माणसं विसरलेलो नाही. भूकंपात सळई तुटण्याआधी ताणली गेली पाहिजे. आयएस 1786 नुसार एफई 500 किमान 12 टक्के ताणली जावी, 500 डी 16 टक्के. दुकानदाराकडे त्या मालाचं टेस्ट सर्टिफिकेट मागता येतं. आणि जाड सळई वाकत नाही म्हणून ती शेकोटीत लाल करणारे मिस्त्री आपल्याकडे आहेत, त्यांना थांबवा. लाल झाली की कडं मऊ पडलंच.

कापलेलं टोक घासून गुळगुळीत केलं आणि प्रयोगशाळेतलं सौम्य आम्ल लावलं, तर ते कडं गडद वर्तुळासारखं डोळ्यांना दिसतं.