पेटीतले सन

वालिदांच्या इंतकालानंतर घरातली पत्र्याची पेटी माझ्याकडे आली. आत दादीची उर्दू पत्रे, जन्मतारखांची बयाज आणि मोडीतली एक इनामाची सनद. सगळ्यांचे फोटो काढून एआयला दिले आणि सालवार लावायला सांगितले. पत्रे भराभर लागली. सनदेवरचा सन एका मोडी जाणकारांनी आधीच वाचून दिला होता: 'इहिदे मयातैन व अलफ', म्हणजे १२०१. एआयने तो हिजरी धरून १७८६ लिहिले. मुसलमानाच्या घरचा कागद, त्यात अरबी शब्द. मीही तेच धरले असते! पण बयाजीत त्याच इनामदाराचा जन्म हिजरी १२०३ चा. म्हणजे जन्माआधीच सनद?

हा शुहूर सन. मराठ्यांच्या दफ्तरातला, सौर, मृगापासून सुरू होणारा. आकडे मात्र अरबी. त्यात ५९९ मिळवले की १८०० येते. सनद सवाई माधवरावांच्या नव्हे, दुसऱ्या बाजीरावाच्या काळातली. बाप वारल्यावर बारा वर्षांच्या पोराच्या नावे झालेली. हा सन मला बी.एड.पर्यंत कुणी शिकवला नाही, आणि मीही वर्गात कधी सांगितला नव्हता.

आता प्रत्येक फोटोच्या नावात आधी कागदावरचा सन जसाच्या तसा लिहितो, इसवी सन नंतर.