माळीवाडा बसस्थानक परिसर (अहिल्यानगर)

अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर, नामांतर 2024) शहरातील एस.टी. स्थानक आणि त्याभोवतीचा बाजार. 1 जून 1948 रोजी राज्य परिवहनाची पहिली बस पुणे–नगर मार्गावर धावली, त्यामुळे एस.टी.च्या इतिहासात या शहराचे नाव आरंभापासूनच आहे. 1 जून 2022 रोजी पहिली विजेवरची ‘शिवाई’ बसही याच मार्गावर सोडण्यात आली.

दौंड–मनमाड लोहमार्ग 1878 मध्ये सुरू झाला. पण रेल्वेस्थानक जुन्या गावापासून दूर दक्षिणेला पडले. माळीवाडा स्थानक मात्र वेशीजवळ, विशाल गणपती मंदिराच्या हाकेच्या अंतरावर. तालुक्याहून आलेला माणूस पायीच बाजारात शिरतो, म्हणून व्यापार येथे वाढला, असे म्हणता येते. तारकपूर आणि स्वस्तिक चौकातील पुणे स्थानक ही शहरातील आणखी दोन बसस्थानके. चुकीच्या स्थानकावर उतरणे हा नवख्यांचा ठरलेला अनुभव.

एस.टी. स्थानकातील व्यवसायाचे साधारण दोन थर असतात. उपाहारगृह, पुस्तकांचा स्टॉल यांसारखे गाळे एस.टी. महामंडळ परवान्याने देते. दुसरा थर फिरता: बस थांबताच खिडकीशी येणारे खारे दाणे, पाण्याच्या बाटल्या, हंगामात पेरू आणि काकडी. फाटकाबाहेर रसवंती, वडापावच्या गाड्या, लॉज, रिक्षाथांबा. रस्त्यावरील विक्रेत्यांना 2014 च्या पथविक्रेता अधिनियमाने संरक्षण दिले. त्यात सर्वेक्षण, प्रमाणपत्र आणि नगर पथविक्रेता समितीची तरतूद आहे. स्थानकाचे आवार महामंडळाचे, बाहेरचा रस्ता महापालिकेच्या हद्दीतला. गाडीवाल्याचा धंदा बहुधा या सीमारेषेवरच उभा असतो.