ज्ञानकोश ते शब्दकोश : एका संपादकवर्गाची गोष्ट

'गुणवत्ता' हा शब्द हल्ली महाविद्यालयांत बहुधा अहवालाच्या तक्त्यांतूनच भेटतो. काम उरकल्यावर ते तपासून घेणे, एवढाच अर्थ त्यात उरला आहे. चांगले काम करणे ही एखाद्या मंडळाची रीतच कशी होऊन बसते, हे पाहायचे असेल तर आपल्या कोशवाङ्मयाच्या इतिहासाकडे वळावे.

कॉर्नेल विद्यापीठाचे पीएच.डी. असलेल्या श्रीधर व्यंकटेश केतकरांनी महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे काम नागपुरात आरंभले व पुढे पुण्यास नेले. सरकारी आश्रय नव्हता. मर्यादित कंपनी काढून भांडवल उभारावे लागले. पहिला खंड १९२० साली निघाला आणि त्या दशकातच एकूण २३ खंड झाले : पाच प्रस्तावनेचे, सोळा अकारविल्हे नोंदींचे, एक सूचीचा आणि एक हिंदुस्थानविषयक. मला या सर्वांत सूचिखंडाचे मोल अधिक वाटते. विद्वत्तेचे श्रेय लेखांना मिळते, सूची करणाऱ्याला कोणी विचारीत नाही. तरीही वाचकाच्या सोयीसाठी अख्खा एक खंड खर्ची घालण्यात आला. सर्व नोंदी सारख्या वजनाच्या नाहीत, हेही मान्य केले पाहिजे. पण केतकरांनी मंडळाचा इतिहासच 'माझे बारा वर्षांचे काम' या नावाने १९२७ साली पुस्तकरूपाने मांडला. आपल्या कामाचा असा जाहीर हिशेब देणारे संपादक आपल्याकडे किती झाले?

ज्ञानकोश संपला, पण त्यात घडलेली माणसे थांबली नाहीत. यशवंत रामकृष्ण दाते आणि चिंतामण गणेश कर्वे यांनी ती शिस्त महाराष्ट्र शब्दकोशात आणली. त्याचे सात खंड १९३२ ते १९३८ या काळात निघाले, पुरवणी १९५० साली. मध्यंतरी वाक्संप्रदाय कोश व शास्त्रीय परिभाषा कोशही झाले. केतकर १९३७ साली वारले. कामाची रीत मात्र पुढे चालूच राहिली.

ही रीत शब्दकोशाच्या नोंदीतच दिसते. शब्द, त्याचे व्याकरण, अर्थ, जुन्या-नव्या ग्रंथांतला दाखला, कंसात व्युत्पत्ती. अर्थ मांडणाऱ्याने साक्षीदार हजर करायचा, असा जणू दंडकच. मोल्सवर्थच्या १८५७च्या आवृत्तीचे ऋण या कोशावर मोठे आहे. पण अवतरणांचा एवढा भरणा तेथे नाही. शिवाय शब्द कोणत्या मुलखातला, याची खूण : (कों.), (व.), (ना.).

राजुऱ्याच्या वर्गात या खुणांना वेगळे महत्त्व येते. हा तालुका १९५६ पर्यंत हैदराबाद राज्याच्या आदिलाबाद जिल्ह्यात होता. शेजारी तेलुगू, घराघरांत गोंडी, आणि मराठी म्हणावी तर पुस्तकातल्याहून निराळी. घरचा शब्द निबंधात आला की तो 'अशुद्ध' ठरतो, हे मुलांनी शाळेपासून ऐकलेले असते. तोच शब्द (ना.) अशी खूण लावून छापलेला दिसला की मुले दोनदा वाचतात.

एकदा कोशात न सापडलेल्या शब्दांच्या चिठ्ठ्या करायला सांगितल्या होत्या : शब्द, अर्थ, बोलणाऱ्याच्या तोंडचे वाक्य, गाव. चाळीसेक चिठ्ठ्या आल्या. त्यांतल्या तिघींवर वाक्य नव्हते. त्या परत दिल्या.