दवाखान्यावरची पाटी आणि मोबाईलमधला डॉक्टर

बोगस डॉक्टर पकडला, ही बातमी आम्ही तालुक्याचे पत्रकार वर्षातून एखाद-दोनदा देतोच. फोटो ठरलेला. कुलूप लावलेलं शटर, वर पाटी, बाजूला आरोग्य खात्याची माणसं. त्यातली पाटी नीट बघा. डॉक्टरला जाब विचारायची आपली सगळी व्यवस्था त्या पाटीच्या आधाराने उभी राहिली आहे.

इंग्लंडने १८५८ च्या कायद्याने डॉक्टरांची नोंदवही सुरू केली. मुंबई इलाख्यात तसा कायदा १९१२ साली आला. वैद्य-हकिमांच्या नोंदणीचा कायदा १९३८ चा. कल्पना साधी होती. वहीत नाव असेल त्यानेच डॉक्टरकी करायची आणि गैरवर्तन सिद्ध झालं तर नाव खोडायचं. वही प्रांताची, आता राज्याची. डॉक्टर कुठे बसतो हे गावाला माहीत असायचंच, त्यामुळे तेवढ्याने भागत होतं.

मुंबईचं एक प्रकरण आहे. होमिओपॅथीच्या डॉक्टरने तापाच्या रुग्णाला ॲलोपॅथीची औषधं दिली, पुढे रुग्ण दगावला. ग्राहक आयोगात त्याच्या पत्नीची दाद लागली नाही, ती सुप्रीम कोर्टात गेली. १९९६ मध्ये कोर्टाने सांगितलं, ज्या शाखेचं शिक्षण नाही तिची औषधं देणं हाच निष्काळजीपणा. तीन लाखांची भरपाई मिळाली. त्या बाईला लढावं लागलं, पण कोणाविरुद्ध लढायचं हा प्रश्न तिला पडला नव्हता. नाव, पत्ता, डिग्री सगळं समोर होतं.

मग फोन आला. २०१८ मध्ये रत्नागिरीच्या प्रकरणात डॉक्टर हजर नसताना फोनवरून औषधं सांगितली गेली, बाळंतीण गेली, आणि हायकोर्टाने डॉक्टर दांपत्याला अटकपूर्व जामीन नाकारला. फोनवर सल्ला द्यायचा की नाही, याचा राज्यभरातल्या डॉक्टरांनी धसका घेतला. आणि दोन वर्षंही झाली नाहीत तोच २५ मार्च २०२०, म्हणजे लॉकडाऊनच्या पहिल्याच दिवशी, केंद्राने टेलिमेडिसिनचे नियम जाहीर केले. नोंदणी असलेला डॉक्टर आता देशातल्या कुठल्याही रुग्णाला व्हिडिओवर, फोनवर, अगदी व्हॉट्सॲपवरही तपासू शकतो. चिठ्ठीवर नोंदणी क्रमांक सक्तीचा. मशीनने, म्हणजे एआयने, परस्पर औषध लिहून द्यायचं नाही, हेही त्यात आहे.

नियम वाईट नाहीत. त्या काळात किती म्हाताऱ्या माणसांची सोय झाली, हे आपण पाहिलंय. पण वही राज्याचीच राहिली. समजा, रुग्ण वाशिमचा, डॉक्टरची नोंदणी दुसऱ्या राज्यात, ॲपची कंपनी तिसऱ्याच शहरात. नाव खोडायचं तर ते ज्या परिषदेच्या वहीत आहे तिनेच खोडायचं. वाशिमच्या माणसाने तिथवर जायचं कसं, आणि कुठल्या भाषेत भांडायचं? ॲपचं तर नाव कुठल्याच वहीत नाही. नियम मोडले तर त्याला काळ्या यादीत टाकता येतं, एवढंच.

ज्यांचं नाव वहीत नाहीच, त्यांचं काय? नोंदणीशिवाय डॉक्टरकी केली तर २०१९ च्या कायद्यात एक वर्षापर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड आहे. पण रीलमध्ये ‘साखरेची गोळी बंद करा’ म्हणणारा खाली बारीक अक्षरात ‘फक्त माहितीसाठी’ लिहून मोकळा होतो. त्याचं शटर नाही, कुलूप लावणार कशाला?

डॉक्टरांनी सोशल मीडियावर कसं वागावं, याचे नियम ऑगस्ट २०२३ मध्ये आले होते. जेनेरिक औषधांच्या सक्तीवरून गदारोळ झाला आणि तीन आठवड्यांत सगळीच नियमावली स्थगित झाली. भांडण औषधाच्या नावावरून, त्यात सोशल मीडियाचंही पान बुडालं!

महाराष्ट्राच्या वैद्यक परिषदेने आता डॉक्टर खरा की खोटा ओळखण्यासाठी क्यूआर कोड आणलाय. स्कॅन केला की नोंदणी दिसते. चांगली गोष्ट आहे. फक्त तो लावायचा दवाखान्यात, भिंतीवर.