मुखपृष्ठावरची गिटार

वादक आपले वाद्य पारखून निवडतो, असे आपण धरून चालतो. पण बहुतेक वेळा त्याआधीच त्याने कोणाला तरी ऐकलेले असते आणि निवड तिथेच झालेली असते. गिब्सन कंपनीच्या ‘लेस पॉल’ या इलेक्ट्रिक गिटारचा इतिहास याची साक्ष देतो.

लेस पॉल हा त्या काळचा लोकप्रिय अमेरिकन गिटारवादक. १९५२ साली कंपनीने त्याच्याच नावाने सोनेरी रंगाची ही गिटार बाजारात आणली. १९५७ मध्ये तिला दुहेरी वेटोळ्यांचे नवे पिकअप बसले. त्यामुळे घरघर कमी झाली आणि आवाज भरदार झाला. १९५८ मध्ये सोनेरी रंग जाऊन पिवळ्या-तांबड्या छटा आल्या. तरीही खप वाढेना. १९६० नंतर कंपनीने हे रूप सोडून पातळ, दोन शिंगांची गिटार काढली. कारखान्याच्या दृष्टीने विषय संपला होता.

१९६१ मध्ये फ्रेडी किंग या कृष्णवर्णीय ब्लूज वादकाची तबकडी निघाली. मुखपृष्ठावर त्याच्या हातात सोनेरी लेस पॉल होती. ते चित्र लंडनमधल्या एरिक क्लॅप्टनने पाहिले. आपल्याकडे शागीर्द गुरूसमोर बसतो. इंग्लंडच्या या मुलांचे गुरू अमेरिकेत होते आणि समोर होती ती तबकडी. १९६५ मध्ये, वयाच्या विसाव्या वर्षी, जॉन मेयॉलच्या ‘ब्लूजब्रेकर्स’मध्ये आलेल्या क्लॅप्टनने जुनी टेलिकास्टर बाजूला ठेवून लेस पॉल घेतली. तिच्यामागे किंगचे ते मुखपृष्ठ होते, हे त्याने पुढे स्वतःच सांगितले.

मात्र ही नक्कल हुबेहूब नव्हती. किंगच्या गिटारला जुने, एकेरी वेटोळ्याचे पिकअप होते. क्लॅप्टनला मिळालेल्या नंतरच्या गिटारला दुहेरी. किंग अंगठ्यात प्लॅस्टिकची आणि तर्जनीत धातूची नखी घालून वाजवी. ही रीत त्याने शिकागोतल्या जिमी रॉजर्स आणि एडी टेलर या ज्येष्ठांकडून घेतली होती. क्लॅप्टन चिमटीत धरलेल्या एकाच पिकने वाजवी. शिवाय स्टुडिओतही तो मार्शल ॲम्प्लिफायर भर कार्यक्रमात लावावा तितका मोठा लावी. त्यामुळे स्वर किंचित फाटून लांबत जाई. १९६६ च्या ब्लूजब्रेकर्सच्या तबकडीत किंगची ‘हाइडअवे’ ही रचना आहे. तिची मांडणी किंगची, पण नाद निराळा. किंगसारखे वाजवायला गेलेल्या हातांतून वेगळीच शैली निघाली.

मग त्या शैलीचेही अनुयायी झाले. मेयॉलकडे क्लॅप्टननंतर आलेले पीटर ग्रीन आणि मिक टेलर या दोघांच्याही हाती लेस पॉल होती. ग्रीनच्या गिटारच्या एका पिकअपमधले चुंबक उलटे बसले होते. दोन्ही पिकअप एकदम चालू केले की नाकातून आल्यासारखा पोकळ आवाज येई. खरे तर हा दोष. पण पुढे ग्रीनच्या चाहत्यांनी आपल्या चांगल्या गिटारींमधली चुंबके मुद्दाम उलटी करून घेतली!

मागणी वाढली तशी १९६८ मध्ये गिब्सनने लेस पॉल पुन्हा सुरू केली. पण नव्या सोनेरी गिटारला पिकअप होते जुन्या एकेरी पद्धतीचे. ज्यांना क्लॅप्टनचा आवाज हवा होता, ते १९५८ ते १९६० मधल्या वापरलेल्या गिटारी शोधू लागले. जिमी पेजने १९६९ मध्ये १९५९ ची गिटार घेतली ती जो वॉल्श या वादकाकडून. एकेकाळी न खपलेल्या त्या गिटारींची किंमत आज काही लाख डॉलर आहे.

ही हकीकत बहुधा क्लॅप्टनपासून सांगितली जाते. फ्रेडी किंग १९७६ मध्ये अवघ्या बेचाळिसाव्या वर्षी गेला. त्या लाखो डॉलरांच्या हिशेबात त्याचे नाव क्वचितच येते. इतिहास लिहिताना मात्र सुरुवात त्याच्या मुखपृष्ठापासून, आणि त्याच्याही आधी त्याच्या बोटांत नख्या घालणाऱ्या शिकागोच्या वादकांपासून करावी लागते.