हरिश्चंद्राच्या फॅक्टरीतली शिफ्ट

भोसरीतल्या प्रेस शॉपमधून सेकंड शिफ्ट संपवून तुम्ही निघालात. हाताला ऑइलचा वास, कानात प्रेसची धडधड. बसमध्ये डोळा लागतो आणि उघडतो तो थेट १९१२च्या दादरमध्ये. घाबरू नका, इथेही फॅक्टरीच आहे. कुणी विचारलं तर 'हरिश्चंद्राच्या फॅक्टरीत कामाला आहे' म्हणायचं, असं हरिश्चंद्र राजावर सिनेमा काढणाऱ्या दादासाहेब फाळक्यांनी सगळ्यांना बजावलंय. सिनेमाचं नाव काढलं की लोक नाकं मुरडतात.

दारातच चुलीचा धूर डोळ्यांत जातो. समोर चार बाप्ये लुगडी नेसून तांदूळ पाखडतायत! पडद्यावर उभी राहायला एकही बाई तयार नाही, म्हणून हा सराव. हरिश्चंद्राची राणी तारामती होणारे साळुंके मूळचे खानावळीतले, त्यांचा हात सराईत. शेजारच्याचा पदर मात्र सारखा घसरतोय, कोंडा नाकात जाऊन तो शिंकतोय. हसा खुशाल.

आता चाचपडत आतल्या काळोख्या खोलीत या. कोंदट उकाडा, रसायनांचा घशाला लागणारा वास. दादासाहेबांच्या पत्नी सरस्वतीबाई फिल्मच्या कडांना भोकं पाडतायत. कोरी फिल्म येते ती सपाट. भोकं पडल्याशिवाय ती कॅमेऱ्याच्या दात्यांवर चढत नाही. टक. सरकव. टक. सरकव. हा ताल तुमच्या मनगटाला पाठ आहे. एक भोक हुकलं तर पडद्यावर राजासकट अयोध्या थरथरेल. कुंडीतल्या वाटाण्याची गोष्ट ऐकलीय? दादासाहेबांनी महिनाभर थोडं थोडं टिपून तो वाटाणा पडद्यावर झरझर वाढवला. हलत्या चित्रांची ती जादू अशाच भोकांवरून सरकत जाते.

बाप्ये सुपापाशी, बाई यंत्रापाशी! असंच उलटं जग सातच वर्षांपूर्वी लेखिका रुकैया हुसेन यांनी 'सुलतानाज ड्रीम' या गोष्टीत लिहिलं: पुरुष घरात कोंडलेले, बायका विज्ञानाच्या बळावर राज्य चालवतायत. पुढे २०२३मध्ये स्पेनच्या इसाबेल एर्गेरा यांनी त्यावरून ॲनिमेशनपट केला. मला ती गोष्ट फार प्रिय आहे, म्हणूनच इथलं पुढचं बघवत नाही. अंधार पडतो, लुगडी खुंटीवर जातात, पंगत बसते. सरस्वतीबाई हात धुऊन काळोख्या खोलीतून सरळ चुलीपाशी येतात. साठ-सत्तर माणसांचं जेवण त्यांच्याच अंगावर.

साळुंके सूप खाली ठेवायला वाकतात. तुम्हीच पुढे व्हा आणि म्हणा, "राहू द्या हातात, दादा. उद्याचे तांदूळ अजून पाखडायचेत."