हिरण्यकेशीच्या खोऱ्यातले मातीचे बांध

आंबोलीच्या डोंगरावर धो-धो पाऊस कोसळतो, तिथेच हिरण्यकेशी उगम पावते. आजरा मागे टाकून ती गडहिंग्लजला येते, तोवर पाऊस कितीतरी पटींनी आटलेला असतो. हलकर्णी-बसर्गेकडे तर तो हुलकावणीच देतो. पावसाळ्यात भडगावचा पूल पाण्याखाली आणि उन्हाळ्यात पूर्व भागातली शिवारं कोरडी, हे गडहिंग्लज तालुक्याचं जुनं दुखणं.

राजर्षी शाहू महाराजांनी 1902 मध्ये करवीर संस्थानाचं पाटबंधारे धोरण आखलं. त्यातलं मोठं धरण भोगावतीवर, राधानगरीला झालं. हिरण्यकेशीवर पुढे निलजी, ऐनापूर, नांगनूर असे कोल्हापुरी बंधारे उभे राहिले. पण पावसाळा सरल्यावर बरगे घालून अडवलेलं ते पाणी नदीच्या पात्रापुरतंच. पावसाळ्यातलं पाणी साठवायला ओढ्यांवर आणि उपनद्यांवर मातीचा भराव हवा होता. शेंद्री, येणेचवंडी, नरेवाडी, तेरणी इथले लघु तलाव त्यातूनच आले. आजऱ्यात चित्री धरण झालं आणि पावणेदोन टीएमसीहून अधिक पाणी खोऱ्याच्या हाताशी आलं. नदीच्या महापुराला हे छोटे तलाव पुरे पडत नाहीत. 2019 आणि 2021 मध्ये ते दिसलंच. आपापल्या ओढ्याचा लोंढा मात्र ते नक्की थोपवतात.

असा बांध साधा दिसतो, पण त्याची रचना काटेकोर असते. पायाखाली खंदक, मध्ये चिकणमातीचा गाभा, दोन्ही अंगांना मुरूम, पाण्याच्या बाजूला दगडी पिचिंग. प्रत्येक थर पाणी मारून दाबलेला. जादा पाणी सांडव्यातूनच जायला हवं, माथ्यावरून गेलं तर भराव कापला जातो. बांधातून थोडं पाणी पाझरतंच. ते स्वच्छ असेल तर नुसती नोंद ठेवायची. गढूळ झालं तर आतली माती वाहून चालली आहे, असं समजायचं.

2021 च्या पावसाळ्यात याच खोऱ्यातल्या आंबेओहोळ प्रकल्पात पहिल्यांदा पाणी साठलं. त्याच वर्षी 1 सप्टेंबरच्या रात्री शेजारच्या भुदरगड तालुक्यातला मेघोली तलाव फुटला. एका महिलेचा जीव गेला, जनावरं वाहून गेली, पिकांसह शेतं खरवडली गेली. गळतीच्या तक्रारी आधीपासून होत्या. 2 जुलै 2019 ला चिपळूणजवळचं तिवरे धरण फुटलं, तिथेही ग्रामस्थांनी गळतीकडे आधीच लक्ष वेधलं होतं. लोकांनी वेळेवर सांगितलेलं दोन्हीकडे वाया गेलं, हे अक्षम्य आहे.

म्हणून तलावाखालच्या प्रत्येक गावाने मिरग निघण्याआधी बांधाच्या पायथ्याशी एक फेरी मारावी. भरावात वाढलेली झाडं, घुशींची बिळं, खचलेलं पिचिंग, तुंबलेला सांडवा पाहावा. आणि पाझर गढूळ दिसला, तर त्याच दिवशी पाटबंधारे कार्यालयात लेखी तक्रार देऊन पोच घ्यावी.